घोरणारं मूल गाढ झोपलेलं नसतं

मूल घोरू लागलं की घरातली मोठी माणसं कौतुकाने म्हणतात, ‘दमलंय बिचारं, गाढ झोपलंय.’ सर्दीतल्या चार रात्रींपुरतं हे घोरणं सोडून द्यावं. पण सर्दी नसतानाही जे मूल आठवड्यातल्या तीन-चार रात्री घोरतं, त्याची झोप गाढ आहे असं समजू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. साधारण तीन ते सात या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड घशाच्या मानाने बरेच मोठे असतात. झोपेत स्नायू सैलावले की श्वासाची वाट आणखी अरुंद होते; काही मुलांत ती मधूनमधून बंदच पडते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, श्वास पुन्हा सुरू होतो. मूल डोळे उघडत नाही, म्हणून हे घरात कुणाला कळत नाही. विल्यम ऑस्लर यांनी 1892 च्या आपल्या वैद्यकीय ग्रंथात अशा मुलांचा घरघरता श्वास, मध्येच पडणारा खंड आणि दिवसाची मंद मुद्रा यांची नोंद करून ठेवली होती. झोपमोड झालेला मोठा माणूस पेंगतो. मूल पुष्कळदा उलट चिडचिडतं, एका जागी बसत नाही, आणि त्याला द्वाड ठरवून आपण मोकळे होतो.

यावर कुणी विचारेल, मग काय प्रत्येक मुलाचे टॉन्सिल काढायचे? मुळीच नाही. 2013 मध्ये अमेरिकेत 464 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडणाऱ्या या मुलांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची. वागणूक शस्त्रक्रियेनंतर अधिक सुधारली. एकाग्रतेच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणून कापाकापीने मूल हुशार होईल, असं कुणी सांगू नये. 2023 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास तर आणखी दिलासा देतो: सहा आठवडे नाकात साध्या मिठाच्या पाण्याचा फवारा मारल्यावर सुमारे चाळीस टक्के मुलांचा त्रास थांबला, आणि स्टेरॉइडचा फवारा त्याहून विशेष सरस ठरला नाही.

‘मोठं झालं की आपोआप जाईल’ हे म्हणणं त्यामुळे अर्धं खरं आहे. थांबावं, पण लक्ष ठेवून. श्वास थांबतो का, मूल मान मागे टाकून झोपतं का, घामाघूम होतं का, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का, हे पाहावं. झोपेची रात्रभराची तपासणी लहान गावांत मिळणं कठीण. तेव्हा मोबाइलवर काही मिनिटांचं चित्रीकरण करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. तपासणीची जागा ते घेत नाही, पण दिवसा दवाखान्यात न दिसणारी गोष्ट त्यात दिसते. घरातली विडी-सिगारेट आधी बंद करावी. टॉन्सिल काढल्याने प्रतिकारशक्ती जाते, ही भीती अनेक आयांना असते. शरीरात संरक्षण करणाऱ्या इतर ग्रंथी पुष्कळ आहेत, आणि गरज असताना निव्वळ या भीतीपोटी शस्त्रक्रिया टाळू नये. मात्र वजन जास्त असलेल्या मुलाचा त्रास शस्त्रक्रियेनंतरही उरू शकतो, म्हणून काही महिन्यांनी त्याची झोप पुन्हा तपासून घ्यावी.