माझी साक्ष दुरुस्त करताना

(शिरपूर येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी याच ठिकाणी दिलेली एक साक्ष आज मला दुरुस्त करायची आहे.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर माझी झोप उडाली, कशात मन लागेना. डॉक्टरांनी सर्ट्रालिन सुरू केलं आणि वर्षभरात मी सावरले. मग एका उपवास-प्रार्थनेनंतर गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं आणि इथे उभी राहून तसं सांगितलं. तुम्ही हल्लेलूया म्हटलंत.

पुढचं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसे. चक्कर, मळमळ, भयंकर स्वप्नं. वाटलं, गोळीने मेंदू कायमचा बिघडवला. साक्ष देऊन बसलेली, आता बोलायचं कुणाजवळ? दोन आठवडे लपवलं. शेवटी डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा देऊन पाच महिन्यांत थोडी थोडी उतरवली.

शरीर औषधाला सरावतं. ते एकदम काढलं की डगमगतं. जुना आजार बहुधा सावकाश परततो, हा त्रास मात्र थोड्याच दिवसांत सुरू होतो. पॅरोक्सेटिन अंगातून लवकर जातं, म्हणून ते सोडताना जास्त जाणवतं. फ्लुओक्सेटिन कित्येक आठवडे अंगात राहतं. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडतो, काहींना महिने लागतात.

आपली पावरा कुटुंबं तर गोळी ठरवून सोडतही नाहीत. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, सोबतच्या गोळ्या फडावरच संपतात. अंग थरथरू लागलं की घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं.

आता अवघड गोष्ट. एका बहिणीने मला हळूच सांगितलं, "ताई, गोळी सोडून वर्ष झालं, पण मालक जवळ आले तरी अंगाला काहीच कळत नाही." एका दवाखान्यात तिला मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं होतं. घरात संशय, भांडणं. पण युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्येच सांगितलं आहे की, या गटातल्या गोळ्या थांबवल्यावरही काहींचा लैंगिक त्रास टिकून राहतो आणि तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात हवी. मी तिला तेवढंच म्हटलं, तू खोटं बोलत नाहीस. ती खूप रडली.

हे सांगू नका, लोक गोळ्या फेकतील, असं मला एका वडील भावाने बजावलं. मीही घाबरले होते. पण गोळीने मला वाचवलं हेही मीच सांगते आहे, आणि फेकून काय होतं हेही. पाळकसाहेबांनाही विनंती आहे, गोळी सोडल्याची साक्ष घेण्याआधी डॉक्टरांना विचारलं का, एवढं विचारा.

टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी डॉक्टरांकडून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी घेऊनच निघा. सभा संपल्यावर मी मागच्या बाकावर थांबते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पाकीट दाखवून जा. बाकीच्यांनी जरा बाहेर चहा घ्या.