सुटी गावातली, रंगमंच गावाचा

(दासगाव, तालुका महाड येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा आटोपल्या की शाळेला कुलूप लागते आणि मे महिना सुरू होतो. महाड व पोलादपूर या तालुक्यांत हा महिना केवळ मुलांच्या सुटीचा नसतो. मुंबई, ठाणे, पनवेल येथे नोकरीनिमित्त राहणारा चाकरमानी याच दिवसांत घरी येतो. गणपती आणि शिमगा सोडले तर आजी-आजोबा, आई-वडील व मुले एका छपराखाली नांदतात ती हीच दोन-तीन आठवड्यांची मुदत. कौले चाळणे, लाकूडफाटा भरणे, लग्नकार्ये उरकणे यांतच ती सरते. मुलांच्या वाट्याला वडिलांचे दोन निवांत दिवसही येत नाहीत.

सहल ही पैसेवाल्यांनी करावयाची गोष्ट, आणि नाटक ही शहरातील मंडळींची हौस, असा समज आपल्याकडे रुजला आहे. हा समज दूर व्हावा, एवढ्यासाठी आज आपल्यापुढे एक साधी योजना मांडत आहे. मे महिन्यात गावाने मिळून आसपासच्या दोन-तीन सहली कराव्यात आणि महिनाअखेर मुलांनी जे पाहिले, ऐकले, त्याचे एक छोटे नाटक गावापुढे सादर करावे.

सावित्रीच्या काठाने

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड, दासगाव असा प्रवास करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. पाहण्याजोगी स्थळे शोधण्यासाठी या नदीचा काठ सोडण्याचे फारसे कारण नाही.

प्रारंभ आपल्या बंदरापासूनच करावा. रस्ते झाले, मोटारी आल्या आणि दासगाव बंदराची वर्दळ ओसरली. परंतु डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून जलमार्गाने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बंदरात उतरले आणि येथून महाडला गेले, हे किती मुलांना ठाऊक आहे? त्याच वर्षी २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्यांनी समतेचा हक्क बजावला होता. पाठ्यपुस्तकातील हा इतिहास आपल्या बंदरातून चालत गेला, हे मुलांना धक्क्यावर उभे करून सांगितले तर ते जन्मभर विसरणार नाहीत.

महाडच्या वाटेवर पाले गावाच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित या काणभोज कुमाराचा उल्लेख येतो. सावित्रीच्या पलीकडे सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. महाडहून रायगडाकडे जाताना नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म तेथे १८९६ साली झाला. गडाच्या पायथ्याशी पाचाडला राजमाता जिजाऊंची समाधी आहे. ज्यांना गड चढवत नाही अशा वृद्धांनी आणि लहानग्यांनी तेथे सावलीत बसावे. धडधाकट मंडळींनी उजाडण्यापूर्वी पायऱ्यांना लागावे. पोलादपूरच्या बाजूला उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची आणि पोलादपूर येथे ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. यांपैकी प्रत्येक ठिकाणी सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. महामार्गाच्या कडेने मुलांना पायी नेऊ नये. आणि सावित्रीच्या पात्रात मुलांना उतरू देऊ नये. नदीत मगरी आहेत आणि खाडीच्या भरती-ओहोटीचा ओढ जाणत्या पोहणाऱ्यालाही चकवतो.

खर्चाचा हिशेब

राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे आणि पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. आता एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. सत्त्याहत्तर वर्षांची आजी, आई, वडील आणि बारा वर्षांच्या आतील दोन मुले. माणसे पाच, पण भाडे पडते अडीच तिकिटांचे. दुपारची भाकरी, चटणी, कांदा आणि पाण्याच्या बाटल्या घरून घेतल्या की उपाहारगृहाचा खर्च उरत नाही. आजीचे ओळखपत्र आणि मुलांच्या वयाचे दाखले सोबत ठेवावेत, म्हणजे वाहकाशी वाद होत नाही.

तरीही काही घरांना एवढेही जमणार नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून सहल आठवडी सुटीच्या दिवशी ठेवावी आणि ज्या घरातून कोणी मोठे येऊ शकत नाही, त्या घरची मुले शेजारच्या कुटुंबाकडे सोपवावीत. वाडीतील एकही मूल केवळ पैशासाठी मागे राहू नये, याची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी. आदिवासी वाड्यांवरील मुलांना आवर्जून निरोप धाडावा. वाट पाहत बसू नये.

पाहिलेले रंगमंचावर

सहलीहून परतल्यावर मुले दोन दिवस बोलत राहतात आणि मग विसरतात. त्या बोलण्याला आकार दिला की नाटक उभे राहते.

रंगभूमी आपल्या भागाला परकी नाही. नाटककार व नट यशवंत नारायण टिपणीस यांचा जन्म महाडचा. जाखडी आणि नमन यांचा ठेका आपल्या वाड्यावाड्यांवर आजही ऐकू येतो. मुलांच्या रंगभूमीचा विचार केला तर मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य सादर केले. पुढे मतकरींच्याच पुढाकाराने ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात वस्त्यांमधील मुलांनी स्वतःच्या जगण्यातील प्रसंग नाटिकांच्या रूपाने मांडले. भारी पोशाख किंवा रंगवलेले पडदे हा त्या उपक्रमाचा आधार नव्हता. मुलांजवळ सांगण्यासारखे काही होते, आणि ते ऐकणारी मोठी माणसे समोर होती.

आपल्याकडे याहून वेगळे काय लागेल? शाळेचा ओटा हा रंगमंच, सतरंज्या जोडून केलेला पडदा, दोन दिवे, ढोलकी आणि झांजा. नाटिका अर्ध्या तासाची असावी. संवाद मुलांनी आपल्या बोलीत रचावेत आणि शिक्षकांनी ते फक्त लिहून घ्यावेत. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे ढोलकी द्यावी, जो लाजतो त्याला पडदा ओढण्याचे काम द्यावे. मुलींना समूहगीतापुरते न ठेवता मुख्य भूमिका द्याव्यात. मुंबईहून आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी पूर्वी गावच्या नाटकात काम केलेले असतेच. तालमीची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली तर त्यांनाही मुलांसोबत बसण्याचे निमित्त मिळेल. छापील नाटक करावयाचे असेल तर लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी अगोदरच करावी. पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद होईल असा कार्यक्रम आखावा.

पावसाआधीचे नाटक

या योजनेचे आणखी एक कारण आहे, आणि ते मांडताना शब्द जड होतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या आपल्या तालुक्यातील गावांनी माणसे गमावली. जुलै २०२१ मध्ये तळिये येथे पुन्हा तोच घाला पडला. आज शाळेच्या पटावर असलेले एकही मूल २००५ साली जन्मलेले नव्हते. मोठी माणसे त्या दिवसाविषयी सहसा बोलत नाहीत, आणि म्हणून मुलांना त्याची माहिती होत नाही. दुःख मनात ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या दुःखाने शिकवलेले शहाणपण पुढच्या पिढीला मिळालेच पाहिजे.

मेच्या अखेरीस होणारे नाटक हे काम करू शकते, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत पाऊस कोकणात पोहोचतो. डोंगरउतारावर जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नसलेल्या जागी पाणी फुटणे, घराच्या भिंतीला तडे जाऊन दारे अडकू लागणे ही दरडीची पूर्वचिन्हे आहेत. ती फलकावर लिहिली तर काही जण वाचतील. पण नातवंडाने रंगमंचावरून आजीला हाक मारून सांगितली, तर अख्खी वाडी ऐकेल. अशी चिन्हे दिसली तर कोणाला कळवायचे, रात्री कोणत्या वाटेने निघायचे, म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार आणि कोठे जमायचे, हेही नाटकात दाखवावे. ज्या घरांनी माणसे गमावली त्यांना आधी विचारावे, आणि प्रत्यक्ष दुर्घटनेचा प्रसंग रंगमंचावर उभा करू नये. इशारा आणि बचाव एवढेच दाखवावे.

कोणी काय करावे

शाळा व्यवस्थापन समितीने सुटी लागण्यापूर्वीच्या बैठकीत ओटा व एक वर्गखोली महिनाभर वापरण्यास देण्याचा ठराव करावा. ग्रामपंचायतीने दिवे, पाणी आणि प्रथमोपचार पेटीची व्यवस्था पाहावी, तसेच सहलीच्या दिवशी एक जबाबदार सदस्य सोबत द्यावा. महिला बचत गटांनी कोणती मुले कोणत्या कुटुंबाबरोबर जातील याची यादी करावी. ग्रामस्थांच्या मुंबई मंडळाने पोशाखांसाठी देणगी देण्यापेक्षा तालमीला दोन माणसे द्यावीत. शिक्षकांनाही सुटीची विश्रांती हवी. म्हणून आठवड्यातून दोन सायंकाळींपेक्षा अधिक वेळ त्यांच्याकडे मागू नये.

तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांना प्रयोगाचे निमंत्रण अगत्याने द्यावे. पावसाळ्यात ज्यांच्याकडे धाव घ्यावयाची, त्यांचे चेहरे मुलांनी आधीच पाहिलेले असावेत.

यंदाच्या मे महिन्यासाठी तीन तारखा आजच ठरवाव्यात अशी आपणा सर्वांना विनंती आहे. एक बंदर व लेण्यांच्या सहलीची, दुसरी पाचाड-रायगडाची आणि तिसरी शाळेच्या ओट्यावरील नाटकाची. तारखा ठरल्या की चाकरमान्यांना कळवा, म्हणजे ते आपली रजा त्याप्रमाणे मागतील.