गर्भवतीचा रक्तदाब आणि शरीरातील रक्षक पेशी
(व्याख्यानाचा संक्षेप)



मातेच्या उदरातील बालक निम्मे मातेचे, निम्मे पित्याचे असते. परक्या पेशींचा प्रतिकार करणे हा शरीराचा धर्म. तरीही माता नऊ महिने या जीवाचे पोषण करते. हे कसे घडते, हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला.

गर्भाशयाच्या अस्तरातील रक्षक पेशी गर्भावर हल्ला न करता तेथील रक्तवाहिन्या रुंद होण्यास साहाय्य करतात. काही नियामक पेशी इतरांना संयमात ठेवतात. हा समतोल ढळल्यास रक्तवाहिन्या अरुंद राहतात व वारेला रक्त अपुरे पडते. अशी वार मातेच्या रक्तात अपायकारक द्रव्ये सोडते. पांढऱ्या पेशी अवाजवी उत्तेजित होतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतील आवरणास इजा पोहोचते. मग रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत व मेंदूवरही परिणाम होतो. हाच प्री-एक्लॅम्पसिया. पुढे आकडी आल्यास माता व बालक दोघांचेही प्राण संकटात येतात.

पहिलटकरीण, जुळे, मधुमेह, स्थूलता किंवा पूर्वीचा रक्तदाब असल्यास धोका अधिक असतो. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी भगिनींमध्ये सिकलसेल आढळतो. तो आजार असलेल्या मातेनेही विशेष जपावयास हवे.

घरोघरी पायांची सूज ‘गर्भारपणाचीच’ आणि डोकेदुखी ‘पित्ताची’ मानली जाते. येथेच घात होतो. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात वेदना, चेहऱ्यावर अचानक सूज, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतरही काही आठवडे सावध राहावे.

धोका असलेल्या स्त्रीस डॉक्टर सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात; मात्र ते स्वतःहून घेऊ नये. मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. वार बाहेर पडणे हाच अंतिम उपाय. त्याची वेळ डॉक्टरच ठरवतात.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. शहाद्यातील प्रत्येक कुटुंबाने सुनेस, लेकीस आणि घरी-शेतात राबणाऱ्या भगिनीसही त्या तपासणीस आवर्जून पाठवावे. रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटे पुरतात. त्या दोन मिनिटांत दोन जीव वाचू शकतात.