म्हशी, गवत आणि मुलांच्या वह्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



दिल्लीतील मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईच्या गाडीत बसली, की मथुरेमागोमाग भरतपूर येते. बहुधा त्याच सुमारास दशम्या-चटणीचे डबे उघडलेले असतात आणि खिडकीबाहेर कोणाचे लक्ष नसते. पानिपतानंतर १७६१ साली अन्नवस्त्राला मोताद झालेल्या मराठ्यांना आसरा देणाऱ्या सूरजमल जाटाचे हे राज्य, एवढी आठवण जाणत्यांना होते. त्याच्याच काळातील अजान बांधाच्या पाण्यावर पुढे केवलादेव ही पाणथळ पोसली गेली. तेथे मंडळाच्या बालविभागातील मुलांना घेऊन आम्ही काही पालक गेली काही वर्षे हिवाळ्यात जात असतो. त्या अनुभवाबद्दल बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभे आहोत.

शाळांच्या सहली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बसमध्ये भेंड्या, उतरल्यावर फरसाण, एक सामुदायिक छायाचित्र आणि परत. आमच्या मुलांना घेऊन फिरणाऱ्या वनक्षेत्रपालांची (रेंजरसाहेब म्हणूनच मुले त्यांना ओळखतात) रीत निराळी आहे. पहिला अर्धा तास ते एकाही पक्ष्याचे नाव सांगत नाहीत. बंधाऱ्याच्या दारांपाशी मुलांना उभे करून ते एकच प्रश्न टाकतात, "हे पाणी आले कोठून?"

प्रश्न साधा दिसतो. पण सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानाचे सारे जीवित त्यावर अवलंबून आहे. तेथे सोडलेले पाणी येते, तेव्हाच तळी भरतात. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाले, शेतीला पाणी हवे होते, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे तळी कोरडी पडली. मग गोवर्धन नाल्याचे आणि चंबळेचे पाणी आणण्याच्या योजना कराव्या लागल्या. पाणी नसेल तर मासे नाहीत, मासे नसतील तर बाभळींवर चित्रबलाकांची घरटी नाहीत. ही साखळी मुलांनी पाठ करण्याऐवजी काठी बुडवून खोली मोजली, उन्हातल्या आणि सावलीतल्या पाण्याचे तापमान वहीत लिहिले, एका ठरावीक बाभळीवरची घरटी मोजली. तीच बाभूळ दरवर्षी मोजावयाची, असा नियम आहे.

परंतु ज्या कथेसाठी आम्ही हा विषय निवडला, ती म्हशींची आहे. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरांची चराई बंद करण्यात आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत होत्या. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. म्हशी गेल्या म्हणजे पक्ष्यांना मोकळीक मिळेल, असे पक्षितज्ज्ञांनाही वाटत होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक त्या दशकात तेथे अभ्यास करीत होते. त्यांना उलटेच आढळले. म्हशी ज्या पाणगवताला खाऊन आवरीत होत्या, ते बेसुमार माजले. उघडे पाणी आक्रसले आणि अनेक पाणपक्ष्यांची अडचण झाली.

रेंजरसाहेब ही हकीगत त्या गवताच्या काठावर उभे राहून सांगतात आणि शेवट मात्र राखून ठेवतात. "म्हशी बंद केल्या, आता काय झाले असेल?" मुले एकमुखाने म्हणतात, "पक्षी वाढले!" मग ते स्वतः एक मूठभर गवत उपटून त्याच्या गुंतलेल्या कांड्या मुलांच्या हाती देतात आणि विचारतात, "यातून बदक पोहेल कसे?" त्यानंतरची शांतता आम्ही प्रत्येक खेपेस ऐकली आहे. ज्येष्ठांचा अंदाजही मोजमापापुढे टिकला नाही, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला वर्गात कोण सांगणार? आणि सांगितली तरी ती पटावी कशी? एका मुलीने तेथेच विचारले, "मग ज्यांचे प्राण गेले, त्यांचे काय?" साहेबांनी उत्तराची घाई केली नाही. पुढे २००७ नंतर उद्यानात माजलेली विलायती बाभूळ उपटून नेण्यास आसपासच्या गावकऱ्यांना मुभा मिळाली, त्यांना सरपण मिळाले आणि उद्यानाचेही काम झाले, एवढेच ते म्हणाले. आमच्या मते तेही पुरेसे उत्तर नव्हे. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला.

जाता जाता शिकारीचा शिलालेखही मुले वाचतात. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद त्यावर आहे. दर मिनिटाला किती पडले असतील, याचा हिशेब मुले तेथेच मांडतात. सैबेरियन क्रौंच मात्र त्यांना दाखविता येत नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात आलेली जोडी अखेरची ठरली.

एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी तेथे थव्यांनी दिसतो. मुलांना त्याचे इंग्रजी नाव पाठ होते. मराठीत त्याला वारकरी म्हणतात, हे सांगताच वारकरी म्हणजे काय, असा प्रश्न आला. मग परतीच्या प्रवासात पंढरपूर, आषाढी, दिंडी सगळे निघाले. मंडळाच्या मराठी वर्गात जे दोन वर्षांत साधले नाही, ते एका पाणपक्ष्याने केले!

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचविले आहे. त्यांतले दोन दिवस तरी अशा कामी यावेत, अशी आम्ही शाळांना विनंती केली आहे. काहींनी मान्यही केली. सुवर्णमहोत्सवी निधीतून रंगमंचाचा पडदा घ्यावा की मुलांचा हा खर्च भागवावा, यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत. पडदा जुना झाला आहे हे खरे. तथापि तो अजून दोन नाटके सहज काढील. आमची मागणी थोडी आहे: दोन दुर्बिणी, तापमापके, आणि वनखात्याने शिकवून तयार केलेल्या सायकलरिक्षावाल्यांचे मानधन. हे रिक्षावाले पन्नास पावलांवरून घुबड दाखवितात, त्यांचा मोबदला कापू नये.

पुढील खेप मार्गशीर्षात आहे. मुलांनी गेल्या वर्षीची वही आणावी, म्हणजे त्या बाभळीवरची घरटी ताडून पाहता येतील. मोबाइल पालकांकडे राहतील.