आखाजीचं सरबत



आखाजी आली. लेकी माहेरी येतील, निंबाला झोके बांधले जातील, गौराईची गाणी होतील. पण संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो, आणि डावाबरोबर बाटलीही येते. ग्लास-पाणी आणायला हाक मारतात घरातल्या पोरालाच. तो बघून बघून शिकतो. म्हणून मागच्या आखाजीला आमच्या गटाने ठरवलं, पोरांच्या हाती आपला ग्लास द्यायचा.

पितरांच्या घागरीवर आपण खरबूज आणि आंबा ठेवतो. हे सरबतही खरबूज आणि कैरीचंच. दहा ग्लासांसाठी एक किलोचं खरबूज, दोन कैऱ्या, दीड वाटी किसलेला गूळ आणि एक लिटर माठातलं स्वच्छ पाणी घ्या. कैऱ्या उकडून गर काढा, त्यात गूळ विरघळवा. खरबूज आधी सालीसकट धुवा, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. गर रवीने घुसळा. दोन्ही गर पाण्यात मिसळा. भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, पुदिना घाला. वरून भिजवलेला सब्जा.

आयत्या वेळीच करा. वैशाखाच्या उन्हात ठेवलेलं सरबत लवकर आंबतं.

याने कुणाची दारू सुटेल, असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी आमची पोरं डावाकडे गेली नाहीत, ओट्यावर आत्यांजवळ बसली. यंदा तुमच्या गल्लीतही एक पातेलं होऊ द्या. चांगले ग्लास काढा, पहिला ग्लास माहेरवाशिणीला द्या.

राम राम!