भूलतज्ज्ञ आणि दुबळे हृदय



शस्त्रक्रिया म्हटली की शल्यविशारदाचे नाव सर्वांच्या ओठी येते. परंतु त्या वेळी रुग्णाचा श्वास ज्याच्या स्वाधीन असतो, तो भूलतज्ज्ञ पडद्याआडच राहतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग झाला. त्यातून विकसित झालेल्या शास्त्राची खरी कसोटी लागते, ती जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकाच्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया करताना.

असा प्रसंग विरळा असला, तरी जालना जिल्ह्यातील भोकरदन वा मंठ्याच्या एखाद्या घरावरही तो ओढवू शकतो. न्यूमोनियानंतर छातीत पू साठला, तर कधी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्यास शुद्ध रक्त बहुधा पुन्हा फुप्फुसाकडे वळते व तेथे रक्ताचा लोंढा वाढतो. फॅलो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चतुर्विध दोषात उलट घडते. अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून शरीरात मिसळते. ओठ व नखे निळी पडतात. शस्त्रक्रियेसाठी एका फुप्फुसाचा श्वास थांबविला की प्राणवायू घटतो, फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हा उलटा प्रवाह बळावतो. भुलीच्या औषधाने रक्तदाब उतरला, तरी परिणाम तोच. म्हणून भूलतज्ज्ञ रक्तदाब सांभाळतो, शरीर गार पडू देत नाही आणि सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडाही राहू देत नाही. कारण तो हृदयातील छिद्रावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. पहिल्या प्रकारात मात्र प्राणवायूचा अतिरेकही लोंढा वाढवितो. एकास तारक तेच दुसऱ्यास मारक! यास्तव दोष कोणता, हे आधी कळणे अगत्याचे आहे.

ते काम गावातच सुरू होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची योजना आहे. दूध पिताना बाळाला दम लागणे, घाम येणे, वजन न वाढणे ही लक्षणे पथकाला अवश्य सांगावीत. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या धास्तीने दोष लपविणे म्हणजे तिच्याच जिवाशी खेळणे होय.

शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याविषयीही डॉक्टरांची सूचना काटेकोर पाळावी. सामान्यतः जेवण सहा तास, आईचे दूध चार तास व साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. त्याहून अधिक काळ तहानलेले ठेवल्यास निळसर बालकाचे रक्त आणखी दाट होण्याचा धोका असतो.

भूलतज्ज्ञाचे कौशल्य थोर खरेच. पण त्याला पहिला आधार मिळतो तो आईने मोकळेपणी सांगितलेल्या माहितीचा आणि जपून ठेवलेल्या कागदांचा.