वाऱ्याला लगाम

(साक्षरता वर्गांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत ते आमची फजिती सांगायला. ऐकताना हसू आले तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर त्यातून घेण्यासारखे काय आहे, तेही घरी घेऊन जा.

आमची वाडी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या पठारावर आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्या पठारांवर मोठमोठ्या पवनचक्क्या आहेत. त्यांची वीज तारांतून जाते आणि साऱ्या मुलखाच्या विजेत मिसळते. त्यात वाईट काही नाही. पण आषाढात वादळ झाले, झाड तारेवर पडले, की आमच्या वाडीत अंधार. कधी एक दिवस, कधी चार दिवस. आमचा वर्ग रात्रीचा. दिवा नाही तर वर्ग नाही. समोर आभाळाला भिडलेल्या चक्क्या, आणि आम्ही पाटीवर बोटाने चाचपतोय! धरण उशाला आणि कोरड घशाला, त्यातली गत.

तुम्ही म्हणाल, सौर पाटी का नाही बसवली? बसवली होती. आठ महिने ती चांगले काम करते. पण आषाढ-श्रावणात आमच्याकडे सूर्य तोंड दाखवत नाही. वारा मात्र नेमका त्याच दिवसांत मातलेला असतो. मग आमच्या मनात आले, की ऊन नसेल तेव्हा वाऱ्याला कामाला लावावे.

अशात एकदा मास्तरांनी वर्गात एक खरी गोष्ट सांगितली. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथे २००१-०२ साली मोठा दुष्काळ पडला. विल्यम कामक्वाम्बा नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाची शाळा फीपायी सुटली. तो गावच्या वाचनालयात जाऊन बसू लागला. पुस्तके इंग्रजी, त्याचे इंग्रजी कच्चे. चित्रे बघायची, अडलेला शब्द विचारायचा, आणि पुढे जायचे. असे करत त्याने भंगारातला ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा, डायनॅमो आणि प्लॅस्टिकचा पाइप जोडून चक्की उभी केली आणि घरात दिवा लावला.

गोष्ट संपली, तशा आमच्या वर्गातल्या आक्का म्हणाल्या, "त्या पोराला ती भाषा अर्धीच येत होती. आपल्याला तर आता मराठी वाचता येतं. मग आपण का बसून राहायचं?"

झाले, आम्ही कामाला लागलो. आमच्यात एक सुतारमामा होते, एक वेल्डिंग करणारा भाऊ होता, मोटारीची रिवाइंडिंग करणारा एक जण होता, मास्तर होते. बाकीचे आम्ही हाताखाली.

आता वीज कशी होते ते थोडक्यात सांगतो. तांब्याच्या तारेच्या गुंडाळीजवळून लोहचुंबक फिरवला, की तारेत वीज निर्माण होते. सायकलचा डायनॅमो असाच चालतो. आम्ही लोखंडाच्या दोन गोल तबकड्या घेतल्या. प्रत्येकीवर १२ चुंबक चिकटवले. दोन तबकड्यांच्या मध्ये तारेच्या ९ गुंडाळ्या बसवल्या. गुंडाळ्या जागच्या जागी राहतात, तबकड्या फिरतात. जुन्या मोटारीच्या चाकाचे हब भंगारातून आणले, त्याच्यावर तबकड्या बसल्या.

हे चुंबक लहान दिसतात, पण त्यांची ओढ जबर असते. दुसरी तबकडी बसवताना ती एकदम खाली ओढली गेली आणि वेल्डिंगवाल्या भावाचे बोट चिमटले. नख काळेनिळे झाले. तेव्हापासून मध्ये लाकडी पाचरी ठेवून, बोल्ट थोडे थोडे फिरवून तबकडी उतरवायची, असा नियम केला.

मग पात्यांचा प्रश्न आला. आम्हाला वाटले, पाती जास्त तर वीज जास्त. विहिरीवरच्या जुन्या चक्कीला नाही का पुष्कळ पाती असतात? मास्तर म्हणाले, "ती पाणी ओढायची चक्की. तिला जोर हवा. विजेला वेग हवा." डेन्मार्क देशात पॉल ला कूर नावाचे एक शिक्षक होऊन गेले. आस्कोव्ह गावात मोठ्या वयाच्या खेडूत मुलांसाठी लोकशाळा होती, तिथे ते शिकवीत. म्हणजे आपल्यासारखीच शाळा म्हणा ना. तिथे त्यांनी १८९१ साली वीज करणारी पवनचक्की उभी केली. विजेसाठी पाती थोडी आणि वेगाने फिरणारी हवीत, हे त्यांनी प्रयोग करून दाखवले. पुढे खेड्यातल्या तरुणांना त्यांनी विजेचे कामही शिकवले.

म्हणून आम्ही तीनच पाती केली. बिनगाठीचे हलके लाकूड, प्रत्येक पाते १ मीटर २० सेंटिमीटर लांब. सुतारमामांनी करवत, पटाशी आणि रंधा यांनी ती तासली. तिन्हींचे वजन सारखे केले. वजनात फरक राहिला तर चक्की हादरते आणि सारे नटबोल्ट ढिले करते.

डांबावर चढवण्याआधी यंत्राची जमिनीवर परीक्षा घेतली. सेकंदाला एक फेरा या बेताने हाताने फिरवले. मीटर लावला, तर ५ व्होल्ट. दोन फेरे, १० व्होल्ट. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. १२ व्होल्टची बॅटरी भरायची तर दाब तिच्यापेक्षा जास्त हवा, म्हणजे सेकंदाला निदान अडीच फेरे हवेत. मग एक गंमत केली. यंत्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि परत फिरवायला गेलो. मघाशी हलके फिरणारे यंत्र आता चिखलातल्या गाडीसारखे जड! आम्ही हसलो आणि पुढच्या कामाला लागलो. ती गंमत नीट समजून घ्यायला हवी होती, हे पुढे कळले.

जागा निवडताना आक्कांनी शहाणपण केले. एका वेळूला खालपासून वरपर्यंत फडक्याच्या चिंध्या बांधून तो उभा केला. खालच्या चिंध्या चहूकडे भिरभिरत होत्या, वरची चिंधी एका दिशेला ताठ. घरे आणि झाडे वाऱ्याची घडी मोडतात. म्हणून जाणकार सांगतात, की आजूबाजूच्या शंभर मीटरांत जे काही उंच असेल त्याच्यावर चक्की निदान ९ मीटर असावी. आम्ही समाजमंदिरापलीकडच्या उघड्या माळावर १२ मीटरांचा पाइप उभा केला आणि चारी बाजूंनी तारांचे ताण दिले. समाजमंदिरात बॅटरी ठेवली.

ज्या संध्याकाळी पहिला दिवा लागला, त्या संध्याकाळी वाडीत गूळ वाटला.

रोजची नोंद ठेवायचे काम आक्कांकडे आले. दिवसातून तीनदा जायचे, मीटर बघायचा आणि वहीत लिहायचे: तारीख, वारा मंद की जोराचा, व्होल्ट किती. वर्षभरापूर्वी आक्का अंगठा उठवीत होत्या. आता त्यांचे आकडे मोत्यासारखे. आम्ही त्यांना सांगितले होते, की १४ च्या वर गेले तर ध्यानात ठेवा.

आता फजिती ऐका.

जुलै महिना. तीन दिवस वारा थांबेना. तिसऱ्या रात्री समाजमंदिरात उग्र वास सुटला. जाऊन बघतो तो बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे खदखदतेय. बॅटरी कधीच भरली होती आणि वर आणखी वीज शिरत होती. अशा वेळी बॅटरीतून स्फोट होईल असा वायू निघतो. आम्ही घाबरलो. आमच्यातल्या एकाने बॅटरीची तारच उपसून काढली.

बॅटरी वाचली. पण क्षणात वर माळावर चक्कीचा आवाज बदलला. आधी घूं, मग किंकाळी. बॅटरी भरण्याचे ओझे होते तोवर चक्की आवरलेली होती. ओझे गेले आणि ती उधळली, लगाम तुटलेल्या घोड्यासारखी. आम्ही आत उभे, कुणाला काही सुचेना. मग कडाड आवाज झाला. पाते मोडून तुकडा अंधारात उडाला. सकाळी तो साठ-सत्तर पावलांवर करवंदीच्या जाळीत सापडला. त्या वाटेने सकाळी पोरे शाळेला जातात. रात्र होती म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी सगळे डोक्याला हात लावून बसलो. कुणी म्हणाले, वादळ फार होते. कुणी म्हणाले, लाकूड वाईट. आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही आणून पुढे ठेवली. दोन दिवस आधीच्या सकाळी लिहिले होते, १४.६. दुपारी १४.९. संध्याकाळी १५.२, आणि पुढे लिहिले होते, "जास्त आहे. विचारणे."

"मी लिहिलं होतं," आक्का म्हणाल्या. "तुम्ही कुणी वाचलं नाही."

मंडळी, त्या वेळी आम्हाला मान वर करवेना. आम्ही त्यांना लिहायला शिकवले, नोंद ठेवायला बसवले, आणि वही मात्र एकदाही उघडली नाही. आक्का आत्ताच शिकल्यात, त्यांना काय कळणार, असे आमच्या मनात कुठेतरी होते. वारा वाईट नव्हता, लाकूडही वाईट नव्हते. चूक आमच्या डोळ्यांची होती.

मग आम्ही तीन सुधारणा केल्या.

पहिली. बॅटरी भरली, की जादा वीज आपोआप दुसरीकडे वळवणारी पेटी बसवली. ती वीज तापणाऱ्या तारेत जाते आणि पाणी कोमट करते. त्यामुळे बॅटरी उकळत नाही आणि चक्कीवरचे ओझेही सुटत नाही.

दुसरी. ती मघाची गंमत आठवा. तिन्ही तारा जोडल्या की यंत्र जड होते. तोच आता आमचा ब्रेक. एक खटका बसवला. पण हा ब्रेक वादळ चढण्याआधी लावायचा. चक्की भर वेगात असताना लावला तर ती थांबेलच असे नाही, गुंडाळ्याही जळू शकतात.

तिसरी. आधीची शेपटी पक्की डकवलेली होती. आता ती तिरक्या बिजागरीवर बसवली आणि पात्यांचे चाक डांबाच्या थोडे एका बाजूला ठेवले. वारा अति झाला, की चाक आपसूक अंग चोरते आणि शेपटी दुमडते. वारा उतरला, की शेपटी आपल्या वजनाने जागेवर येते. ती कधी दुमडावी, हे शेपटीवरचे वजन कमी-जास्त करून ठरवले. त्यालाच पंधरा दिवस गेले.

नवी पाती चढवली आणि या वेळी परीक्षा नीट घेतली. वारा मोजायचे छोटे यंत्र आणले. आक्का आकडे लिहीत, आणि रोज रात्री वर्गात ती वही मोठ्याने वाचली जाई. ताशी १४ किलोमीटर वाऱ्याला बॅटरीत ३ अँपिअर वीज जात होती. वारा दुप्पट झाला, ताशी २८, तेव्हा वीज दुप्पट नव्हे, २० अँपिअरच्या आसपास! हिशेबाने वारा दुप्पट झाला तर त्याचे बळ आठपट होते. थोडे वाटेत गळते, म्हणून २४ नाही आले. वाऱ्यातले सगळे बळ तर कोणतीच चक्की घेऊ शकत नाही. शंभरातले फार तर ५९ भाग, त्याच्या वर नाही. आमची घरची चक्की पावभर घेते.

आठपटीची गोष्ट कळली तेव्हा ती रात्रही कळली. वारा थोडा वाढला असे आपल्याला वाटते, तेव्हा चक्कीवर कितीतरी जास्त ताण आलेला असतो. म्हणून आधी आवरायची सोय करावी, मग वीज मागावी.

कुणाला आम्ही फसवणार नाही. पैशाचा हिशेब केला तर आज सौर पाटी स्वस्त पडते आणि तिची निगाही कमी. जिथे वारा पडलेला असतो तिथे चक्कीच्या नादी लागू नका. आधी वर्षभर चिंध्या बांधून बघा, वारा मोजा, लिहून ठेवा. चक्की फिरत असताना खाली पोरांना उभे करू नका. बॅटरीजवळ विडी पेटवू नका.

गेल्या आषाढात पाच दिवस तारेची वीज नव्हती. वर्ग एकही दिवस बुडाला नाही. दिव्याखाली आक्का नव्या बायकांना आकडे गिरवायला शिकवीत होत्या. आणि आता त्यांची वही झाल्याशिवाय आमचा कुणाचा पाय समाजमंदिराबाहेर पडत नाही.

लिहायला शिकणे हे अर्धे काम झाले. दुसऱ्याने लिहिलेले वाचणे, मग तो कालपर्यंत अंगठा उठवणारा का असेना, हे उरलेले अर्धे. एवढे सांगून आम्ही खाली बसतो. ज्यांना चक्की बघायची असेल त्यांनी वाडीवर यावे. वारा आहे, वही आहे, आणि चहाही मिळेल.

राम राम.